चटकचांदणी फुलायच्या आत

पहाटे साडेपाच

काल संध्याकाळी चांगली तासभर सर झाली. तरी आज काम होणार की नाही ते खुरपं ठरवतं. कुरणाच्या कडेला उकिडवं बसायचं आणि खुरपं मातीत रोवायचं. चार बोटं सहज आत गेलं, पात्याला माती चिकटून आली, तर गाजर गवत, म्हणजेच आमच्याकडची चटकचांदणी, मुळासकट येणार. माती कोरडी असली की झाड वरच्यावर तुटतं. खोड हातात येतं, बुडखा जमिनीत राहतो आणि आठवड्याभरात त्याच बुडख्याला तीन-चार फांद्या फुटतात. अशा दिवशी मजुरी देऊन आपण तणाची छाटणीच करत असतो. फार ओलं असलं तर वेगळी पंचाईत, पायाखालचं चांगलं गवतच तुडवून निघतं. आज मात्र वाफसा बरा आहे.

आमचा माळ बारामती, दौंड, इंदापूरच्या पट्ट्यातला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यानं वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, तिथली चिंकारा बघायला पुण्याहून गाड्या येतात. तसलाच माळ आमच्या गावच्या गायरानातही आहे, फक्त त्याला पाटी नाही, कुंपण नाही आणि राखणदारही नाही. दख्खनच्या या गवताळ पट्ट्याला शास्त्राच्या पुस्तकांत पवना आणि मारवेल या दोन गवतांवरूनच नाव दिलेलं आहे. गायरानात आज ती दोन्ही शोधावी लागतात. गाजर गवत शोधावं लागत नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा चालू आहे. जूनच्या पहिल्या पावसात जे उगवलं ते आता फुलण्याच्या बेतात आहे. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते पांढरं होतं, आणि एका झाडाचं बी हजारांत, जोमदार झाडाचं तर १० ते २५ हजारांपर्यंत जातं. आमचा सगळा खेळ या मधल्या दिवसांचा. पुढं वर्षभर नुसतं निस्तरणं.

साडेसहा

बायका येतात. दहा-बारा जणी, अंगात नवऱ्याचे किंवा मुलाचे जुने फुलबाह्यांचे शर्ट, डोक्याला आणि नाकातोंडाला फडकं, हातात रबरी मोजे. मोज्यांवरून दर वर्षी वाद होतो, कारण मोजे घातले की झाडाचा बुडखा चिमटीत नीट येत नाही. पण तिथं मी ऐकत नाही. या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, ते अंगाला लागत राहिलं की काहींना खाज, चट्टे, पुढं पुढं दमाही. पहिल्या वर्षी काही होत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. अंग एकदा बिथरलं की मग वाऱ्यावर आलेले परागकणही पुरतात.

म्हणून हजेरीच्या आधी हात बघते. कोपराच्या लवणीत, मानेला, पापण्यांवर. आज धाकट्या वहिनींच्या मनगटाला बारीक पुरळ दिसली.

"काल भांडी घासताना झालं असंल, ताई."

"असू दे. आज तुम्ही ठोंबांवर."

लावणीसाठी मारवेलीचे ठोंब करायचं काम सावलीतलं आणि रोज तेवढाच, तरी त्यांचा चेहरा उतरला. ओळीत बाकीच्यांबरोबर गप्पा होतात, सावलीत एकटीनं बसावं लागतं.

सात ते साडेनऊ

गावातल्या कुणालाही विचारा, उपटायला सुरुवात कुठून करायची? सगळे एकच जागा दाखवतील: पाण्याच्या टाकीमागं, जिथं गाजर गवत कमरेएवढं माजलंय. आम्ही तिथं पाठ करून उभे राहतो आणि माळाच्या चांगल्या अंगाला जातो. तिथं पवना आणि डोंगरी गवत दाट आहे आणि मध्ये मध्ये एखादं-दुसरं गाजर गवताचं रोप. सरपंच पहिल्यांदा आले तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले होते, "घाण तिकडं, आन् तुम्ही हिकडं काय नीट करताय?"

उलटं वाटतं खरं. पण जिथं गवत जोमात आहे तिथं उपटलेल्या रोपाची जागा गवत पंधरा दिवसांत घेतं, त्या ठिकाणी पुन्हा यावं लागत नाही. टाकीमागं रान साफ केलं तर खाली उघडी माती, तिच्यात गेल्या कित्येक वर्षांचं बी, वर पाऊस. महिन्यात तेच रान पुन्हा हिरवं, आणि ते हिरवं पुन्हा चटकचांदणीच. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ब्रॅडली बहिणी जोन आणि आयलीन यांनी आपल्या भागातलं रान असंच साफ केलं होतं: चांगल्याकडून वाईटाकडं, हळूहळू, मागचं गवत पुढं सरकेल त्या गतीनं. त्यांची पद्धत त्यांच्याच नावानं ओळखली जाते. आमच्या मावशींनी ती नावं कधी ऐकलेली नाहीत, पण गव्हात हरळी निघाली की बांधाकडून नव्हे, पिकाकडून खुरपत जायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

ओळ लागते. दोघींमध्ये दीड-दोन हातांचं अंतर. रोप अजून जमिनीलगत पसरलेलं असेल, पानं गाजरासारखी कातरलेली, तर खुरप्यानं खालून उचलायचं. खोड वर गेलं असेल तर बुडाशी धरून, जरा फिरवून, सरळ ओढायचं. सोटमूळ पांढरं, वीतभर, सुटताना बारीक कट् असा आवाज येतो. तो आवाज आला नाही की मावशी थांबतात, परत बोटं घालून बघतात. उपटलेलं रोप मुळं वर करून काखेतल्या गोणीत.

आठच्या सुमाराला पहिलं फूल सापडलं. फूल कसलं, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा गोंडा. नखावर ठेवून बघितला तर त्याला पाच कोपरे असतात आणि दर कोपऱ्यात एक बी धरतं. गोंड्यात पाच बिया म्हणजे काहीच नाही, पण एका झाडाला असे गोंडे किती लागतात ते एकदा बसून मोजून पाहावं. फुललेलं झाड साध्या गोणीत टाकत नाही. त्यासाठी वेगळी, पांढरी, बिनछिद्राची पिशवी माझ्या खांद्याला असते. फूल दिसलं की हाक येते, "ताई, पांढरी!" आणि मी पळत जाते.

याच ओळीत कळतं की गाजर गवत माळावर सगळीकडं सारखं नाही. दाट गवतात ते केविलवाणं, उंच, बारीक खोडाचं. जिथं माती उकरलेली तिथं पैलवान. पाणी अडवायला म्हणून माळावर खणलेले समतल चर, झाडं लावायला पाडलेले आणि मग विसरलेले खड्डे, मुरमाच्या ट्रॅक्टरची चाकोरी, सगळीकडं आधी तेच उगवलंय. चराला माझा विरोध नाही. पण गवताळ माळ म्हणजे काहीतरी कमी पडलेलं जंगल, असं समजून तिथं खोदकाम करणाऱ्यांनी पुढच्या पावसात एकदा येऊन त्या मातीच्या वरंब्यावर काय उगवलंय ते बघावं.

साडेनऊ

न्याहारी. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, कुणाच्या तरी डब्यात टाकळ्याची भाजी. हात साबणानं दोनदा धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पाण्याचा ड्रम त्यासाठीच आणलेला असतो.

टाकळ्यावरून जुनी गोष्ट निघते. चाळीसेक वर्षांपूर्वी गाजर गवताला उतारा म्हणून टाकळ्याच्या जातीची झाडं पेरा, ती त्याला दाबून टाकतील, असं तज्ज्ञ सांगत होते. त्यातली एक कॅशिया आपल्या टाकळ्यासारखीच दिसते, पण तीही गाजर गवतासारखी अमेरिकेचीच. दाबलं, हे खरं. रस्त्याकडेला अजून कैक ठिकाणी ती गाजर गवताला उठू देत नाही. पण आता ती स्वतः माळावर चढली आहे आणि गुरं तिलाही तोंड लावत नाहीत. एक शत्रू हटवायला दुसरा परका घरात घेतला. माझ्या मते त्या काळच्या लोकांना फार दोष देऊ नये, त्यांच्यासमोर फक्त रस्त्याच्या कडा होत्या. चरणाऱ्या जनावरांचा हिशेब त्या प्रश्नात कुणी धरलाच नव्हता.

दहा

भुंग्यांचा तुकडा. हा आमच्याकडचा सगळ्यात विचित्र कोपरा, कारण इथं गाजर गवत उपटायला सक्त मनाई आहे.

ओढ्याकडच्या पट्ट्यात मेक्सिकन भुंगा सोडलाय. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. साधारण तुरीच्या दाण्याएवढा, दुधी रंगाचा, पाठीवर गर्द तपकिरी नागमोडी रेघा. बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेनं १९८३ मध्ये तो मेक्सिकोतून आणला, तपासण्या केल्या आणि १९८४ मध्ये सोडला. पावसाळ्यात तो जमिनीतून वर येतो, पानांवर ताव मारतो, मादी अंडी घालते, अळ्या कोवळे शेंडे खातात, मग मातीत शिरून कोषात जातात. अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण महिना. पाऊस संपला की उरलेले मातीत दडून बसतात ते थेट पुढच्या जूनपर्यंत.

आज पान उलटून पाहिलं तर पिवळसर-केशरी अंड्यांचा पुंजका दिसला. शेंड्यात मळकट पिवळ्या अळ्या. काही झाडांच्या पानांची नुसती शिरांची जाळी उरली होती. मधल्या मावशींना हे बघून इतका आनंद झाला की त्यांनी एक अळी तळहातावर घेतली.

"खा गं बाय, पोटभर खा."

भुंग्यावर भिस्त ठेवायची का, यावर माझं मत दर वर्षी थोडं थोडं बदलतं. पाऊस लागून राहिला, तर ऑगस्टमध्ये तो एकरच्या एकर खराट्यासारखं करून ठेवतो. आमच्याकडं मात्र जुलैत पंधरा-वीस दिवसांची उघडीप ठरलेली, तेवढ्यात त्याची एक पिढी वाया जाते आणि झाड फुलून मोकळं होतं. फुललेल्या झाडाची पानं खाल्ली काय नि न खाल्ली काय. देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो, तेव्हा शाळेची मुलं फलक घेऊन निघतात. देशाच्या सरासरीला ते दिवस ठीक असतील, आमच्या माळावर तोवर पांढरं पडलेलं असतं.

मग ठेवायचा कशाला? कारण तो ओढ्याच्या काटेरी उतारावर जातो, जिथं आमच्यातली एकही जण जाणार नाही. आणि त्याची संख्या टिकवायची तर त्याला खायला ठेवावं लागतं. म्हणून हा तुकडा. डोळ्यांसमोर शत्रू वाढवायचा म्हणजे बायकांना फार जड जातं. जाता-येता कुणीतरी एखादं रोप उपटतंच.

एका शेतकऱ्याची तक्रारही आहे: शेजारी सूर्यफूल आहे, भुंगा तिकडं गेला तर? ही भीती आजची नाही. १९९० नंतर कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलावर दिसला तेव्हा मोठा गदारोळ झाला, सरकारला समिती नेमावी लागली. शास्त्रज्ञांनी मग दाखवून दिलं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडलेले असले की भुंगा फसून ती कुरतडतो. म्हणजे सूर्यफूल वाचवायचं तर बांधावरचं गाजर गवत आधी काढा. त्या शेतकऱ्याला मी हे सांगितलं. त्याला ते पटलेलं नाही, पण बांध त्यानं काढून घेतलाय.

अकरा ते साडेबारा

घाणेरीच्या जाळ्या. या कामाला दोघे गडी येतात, कारण टिकाव लागतो.

घाणेरी १८०९ मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेला म्हणून आली. गुरांनी पानं खाल्ली तर कावीळ होते, उन्हात कातडी भाजल्यासारखी निघते. फळं बुलबुलांना आवडतात, त्यामुळं जिथं बुलबुल बसेल तिथं घाणेरी. कोयत्यानं छाटली तर दुप्पट फुटते. जाळली तरी फुटते. दिल्ली विद्यापीठातल्या प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी याला साधा उपाय दाखवला: फांद्यांच्या मागं न लागता जमिनीच्या तीन-चार बोटं खाली, जिथं खोड संपून मूळ सुरू होतं, तिथं घाव घालायचा. फुटवे त्याच सांध्यातून येतात. गड्डा बाहेर काढला की मुळं आभाळाकडं करून ठेवायचा, म्हणजे ओल लागून पुन्हा रुजत नाही.

वेडी बाभूळ याच जातीची, पण तिच्याबद्दल मी जरा सांभाळून बोलते. कच्छच्या बन्नीत १९६१ च्या सुमारास वनखात्यानं ती ३१ हजारांवर हेक्टरांत लावली, खारट वाळवंट पुढं सरकू नये म्हणून. आज तिथले मालधारी गवताच्या शोधात काट्यांमधून म्हशी हाकतात. आमच्याकडं एवढी नाही, पण मेंढरं तिच्या शेंगा उन्हाळ्यात आवडीनं खातात आणि लेंड्यांतून बी माळभर पेरतात. एप्रिल-मेमध्ये या शेंगांखेरीज मेंढरांना दुसरं काय आहे? म्हणून ओढ्याकाठची चार मोठी झाडं आम्ही ठेवली आहेत आणि माळावर आलेलं प्रत्येक रोप काढतो. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात हे उत्तर चुकीचं ठरेल.

एक

उपटलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न उपटण्याएवढाच मोठा. फुलाआधीचं गाजर गवत उत्तम खत होतं. आम्ही नाडेप टाक्यात भरतो: गाजर गवताचा थर, शेणकाला, माती, पुन्हा थर. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही विटांची जाळीदार टाकी लोकांना शिकवली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप झाली. पांढऱ्या पिशवीतला माल मात्र टाक्यात जात नाही. टाकं पुरेसं तापलं नाही तर बी जिवंत राहतं आणि मग खताबरोबर आपणच ते शेताशेतात पोचवतो. तो माल जुन्या खाणीच्या उघड्या खडकावर वाळवून पेटवायचा.

जेवताना पंचायतीच्या एका सदस्याचा फोन. तणनाशक स्वस्तात मिळतंय, दोन पंप लावले की दोन दिवसांत काम फत्ते, कशाला एवढ्या बायका? हा फोन मला आता पाठ झालाय, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असंही नाही. गावठाणातल्या उकिरड्यावर, खाणीत, रस्त्याच्या खडीवर मी स्वतः फवारा म्हणेन. कुरणात नाही. ग्लायफोसेट गवत आणि तण ओळखत नाही, सगळंच जाळतं. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं त्याची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरती ठेवण्याचा आदेश काढला होता. टू-फोर-डी किंवा मेट्रिब्युझिन नेमून दिलेल्या मात्रेत मारलं तर गवत वाचतं, हे खरं. पण गवताबरोबर उगवणारा रानमूग आणि इतर द्विदल चारा, जो जनावराला खरं बळ देतो, त्यालाही ते झेपत नाही. आणि फवारलेल्या माळावर गुरं किती दिवस सोडायची नाहीत, हे गुराख्यांना कोण सांगणार, पाळणार कोण?

त्यांनी ऐकून घेतलं. "बघू," म्हणाले. म्हणजे पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन.

दोन

मेंढरं आली. लांबून आधी घंटा, मग कुत्रं, मग आबा. आबांची मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत घाटावर येतात. या दिवसांत त्यांना माळाची गरज असते आणि नेमकं याच दिवसांत आम्ही माळाचा चौथा भाग बंद ठेवलेला असतो. भांडण ठरलेलं.

"पोरी, गवात कुणासाठी राखतीस? मेंढरासाठीच ना? मंग मेंढरू आत गेलं तर बिघडलं काय?"

"आबा, आत्ता गेलं तर मारवेल बुडापासून खाऊन टाकंल. त्याला बी धरू द्या, दिवाळीनंतर पहिलं तुमचंच."

"दिवाळीनंतर म्या हितं आसतोय व्हय?"

बरोबर होतं. माझं सगळं वेळापत्रक इथं कायम राहणाऱ्या गुरांच्या हिशेबानं केलेलं. मग आबांनीच तोड सांगितली. पश्चिमेच्या उताराला कुसळी आहे. ती आत्ता कोवळी, गोड. दसऱ्यापर्यंत ठेवली की तिची कुसळं मेंढरांच्या लोकरीत, कातडीत, तोंडात घुसतात आणि जनावर हैराण होतं. तो उतार आत्ता त्यांनी चारायचा, मारवेलीचा तुकडा सोडायचा. कुसळी आता खाल्ली गेली तर तिचा जोर कमी होऊन पवन्याला वाव मिळेल, हे माझ्या वहीत होतंच. फक्त ते मेंढरांकडून करून घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चहा पिताना आबांनी एक गोष्ट सांगितली ती टिपून ठेवली. त्यांच्या मते या माळावर गाजर गवत पहिलं माजलं ते जिथं दुष्काळात चारा छावणी होती त्या जागी. बाहेरून ट्रकच्या ट्रक वैरण आली, हजार जनावरांनी जमीन पायाखाली घातली, पुढच्या पावसात तिथं चटकचांदणीचा ताटवा. छावणीची ती जागा म्हणजेच आजची पाण्याच्या टाकीमागची बाजू. गाजर गवत मुळात देशात कसं आलं याची लोकांत ठरलेली गोष्ट म्हणजे पीएल-४८० च्या अमेरिकी गव्हाची. पुण्यात ते १९५५-५६ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेस आलं आणि पीएल-४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, त्यामुळं तारखा नीट जुळत नाहीत, जरी त्याआधीही अमेरिकेचा गहू येत होताच. देशाचं काय ते शास्त्रज्ञ बघून घेतील. आमच्या माळाचा रस्ता आबांना ठाऊक आहे, आणि पुढच्या दुष्काळात छावणी कुठं उभारायची नाही, हे त्यातून कळतं.

साडेतीन ते साडेपाच

दिवसातलं खरं काम आता. सकाळी रिकामी केलेली जागा भरायची.

धाकट्या वहिनींनी सावलीत बसून मारवेलीचे ठोंब तयार ठेवलेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलीच्या सुधारित जाती काढल्या आहेत, पण आम्ही निम्मे ठोंब गावच्याच जुन्या बांधांवरून आणतो, उन्हाळा काढलेले. मारवेल ओळखायची खूण पेऱ्यावर: प्रत्येक पेऱ्याभोवती पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं, बोट फिरवलं की कळतं. मारवेलीचं बी हलकं, लोकरीसारखं, उधळलं तर निम्मं वाऱ्यावर जातं. म्हणून ठोंब. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, जुनी मुळं कातरलेली, शेंडा छाटलेला.

खुरप्यानं फट पाडायची, ठोंब तिरपा घालायचा, टाचेनं दाबायचं. जमीन नांगरायची नाही, खणायची नाही, उघडी ठेवायची नाही. दोन ठोंबांत हात-दीड हात. टाचेनं दाबणं दिसतं सोपं, पण हवा राहिली तर ठोंब सडतो. थोरल्या मावशी लावून झालेला ठोंब दोन बोटांनी ओढून बघतात. सहज निघाला तर लावणारीला नावानिशी हाक.

पवन्याचं बी शेण आणि माती कालवून केलेल्या गोळ्यांतून टाकतो, नुसतं टाकलं तर मुंग्या पळवतात. गोळे वळायला शाळेची पोरं हौसेनं येतात. त्यांना मी भिंगातून गाजर गवताचा गोंडा दाखवते, पण त्यांचं सगळं लक्ष भुंग्यांच्या बरणीकडं असतं.

या कामाची छायाचित्रं कुणी काढत नाही. उपटलेल्या तणाचा ढीग दिसतो, त्याच्यापुढं उभं राहता येतं, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो लावता येतात. लावलेला ठोंब चार बोटांची वाळकी काडी असते आणि पुढचे दोन आठवडे तशीच दिसते. पैसे देणारे विचारतात, किती एकर तणमुक्त केलं? किती एकरांत गवतानं जागा धरली, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मी मात्र वहीत तेच मोजते: एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी चौकट टाकायची, आत काय काय आहे ते लिहायचं, आणि उघडी माती किती दिसते तेही.

सहा

हजेरी, सह्या, मजुरीचा हिशेब. मोजे धुऊन दोरीवर, शर्ट घरी वेगळे भिजवायचे असं पुन्हा एकदा सांगून होतं. ट्रॉलीत बसताना सगळ्यांचे तळवे झटकून घेतो, चपलांच्या चिखलात बी असतं.

साडेसात

पंचायतीत बैठक. विषय पत्रिकेवर एकच, मुरमाचे ट्रॅक्टर आणि जेसीबी. हे यंत्र गावोगाव फिरतं, त्याच्या चाकांत आणि बकेटीत दहा गावांची माती. गायरानात येण्याआधी ते गावाबाहेर धुतलं जावं, एवढीच माझी मागणी. जेसीबीच्या मालकाला ती हास्यास्पद वाटली.

"आता काय यंत्राला आंघोळ घालायची?"

हशा पिकला. मग एक जण उठून म्हणाला, कशाला एवढा खटाटोप, नाहीतरी गाजर गवतच उगवतंय, ही जमीन सौर प्रकल्पाला देऊन टाका, भाडं तरी येईल. गावोगावची गायरानं हल्ली त्या कामी मागितली जातातच. मला राग आला, पण त्याच्या बोलण्यात जे होतं ते मी कितीदा अनुभवलंय: तणानं भरलेलं कुरण कागदावर पडीक दिसतं आणि पडीक म्हटलं की ते कुणालाही द्यायला मोकळं. आबा दारात बसून होते. त्यांना बैठकीत मत नाही, त्यांचं नाव इथल्या मतदारयादीत नाही. तरी तेच बोलले, की पश्चिमेच्या उतारावर आज संध्याकाळी माझी मेंढरं पोट भरून बसली, कुणाला पडीक दिसत असंल तर सकाळी येऊन बघा.

सौर प्रकल्पाचा विषय ग्रामसभेवर ढकलला. जेसीबी धुण्याचं ठरलं, पण पाण्याच्या टँकरचे पैसे कोण देणार यावर बैठक अडली. मालक म्हणतो पंचायतीनं द्यावेत, पंचायत म्हणते ज्याचं यंत्र त्यानं. शेवटी ओढ्याच्या खालच्या बाजूला, डांबरी रस्त्यालगत धुवायचं, पाणी ओढ्याचं, मोटर मालकाची, डिझेल निम्मं निम्मं, एवढ्यावर सह्या झाल्या. धुतलेलं पाणी परत ओढ्यात जाऊ नये म्हणून तिथं शोषखड्डा लागेल. तो कुणी खणायचा, हे इतिवृत्तात लिहायचं राहिलं आहे. उद्या सकाळी ग्रामसेवकांकडून ते लिहून घेईन, आणि पाऊस नसला तर बायकांना टाकीच्या अलीकडच्या पट्ट्यात लावेन, कारण तिथल्या कळ्या आज संध्याकाळी पांढऱ्या दिसू लागल्या होत्या.